चौकातल्या शिल्पाला वळचण हवी

लेझर कटिंगवरून आलेले दोन मिलिमीटर जाडीचे चौसष्ट त्रिकोणी पत्रे आमच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवले होते. प्रत्येकावर नंबर टाकलेला, कारण चौसष्टांतला एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता. नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एमआयडीसीतली ही शेड; मी तिथे संगणकावर आराखडे काढते. एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, मुलांना न्यायला येणाऱ्या पालकांसाठी घड्याघड्यांचं एक छप्पर करायचं होतं आणि त्याची भूमिती माझी होती. आमचे वेल्डिंगचे मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे. स्क्रीनवरचं चित्र मला चारी बाजूंनी फिरवायला लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे मूर्तीचं काम धरायचं का शेडचं? तसा वेल्ड मारतो."

प्रश्न अगदी कामाचा होता. शोभेच्या कामात वेल्डिंगनंतर ग्राइंडर फिरवून जोड सपाट करतात. वरून हात फिरवला तरी कळता कामा नये. शेडच्या कामात वेल्डचा उंचवटा मुद्दाम ठेवतात, कारण घासला की जोडाची ताकद कमी होऊ शकते. मी म्हटलं, "काका, दोन्ही." त्यांना ते पटलं नाही. "दोन्ही कसं होईल? आणि पाणी कुठनं जाणार ह्यातलं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा नीट दिलं नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, ते सांगतेच.

पहिला प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात घर करून बसला आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत रोज काही ना काही उभं राहतंय. मेट्रोचे खांब, उड्डाणपुलांखालच्या जागा, तलावांचे काठ, स्टेशनांबाहेरची आवारं. आणि सगळीकडे मूर्तीचं काम वेगळं, शेडचं काम वेगळं. सुशोभीकरणाची निविदा निघते तेव्हा चौकात एक चकचकीत वस्तू येते, तिच्याभोवती कारंजं, कारंज्याभोवती रेलिंग, रेलिंगला कुलूप. बसथांब्याची निविदा निघते तेव्हा चार पाइप आणि वर एक पत्रा येतो. पहिलीच्या जवळ जाता येत नाही. दुसऱ्याखाली लोक दिवसभर उभे असतात, पण तो डोळे भरून पाहावा असं कुणाला कधी वाटलेलं नसतं. माझं म्हणणं असं, की ही विभागणी आता मोडायला हवी. सार्वजनिक पैशातून या दोन शहरांत यापुढे जी शिल्पं उभी राहतील त्यांच्यात माणसाला शिरता आलं पाहिजे, उन्हापावसात त्यांच्या वळचणीला उभं राहता आलं पाहिजे. संगणकावरच्या भूमितीनं हे आज आपल्या आवाक्यात आणून ठेवलंय.

ही भूमिती म्हणजे काय, हे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही सांगायला दोन मिनिटं पुरतात. सात ते चार ठिपके म्हटलं की मधली ओळ सातांची, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. ठिपके कसे मांडायचे आणि कुठल्याला कुठला जोडायचा, एवढाच नियम. चित्र त्या नियमातून निघतं. सातांऐवजी पंधरा ते आठ घेतले की नियम तोच राहतो आणि अंगण भरून जातं. आम्ही संगणकावर हेच करतो. आकार थेट काढत नाही, तो ज्यातून निघेल तो नियम मांडतो आणि अंतर, कोन, उंची हे आकडे सुटे ठेवतो. याला पॅरामेट्रिक पद्धत म्हणतात. एक आकडा बदलला की चौसष्टच्या चौसष्ट त्रिकोण आपापली मापं बदलून घेतात आणि कटिंगची फाइलही त्याबरोबर नवी होते. पूर्वी प्रत्येक तुकडा वेगळा असणं म्हणजे खर्च हाताबाहेर जाणं. आता लेझरच्या मशिनला चौसष्ट सारखे तुकडे काय आणि चौसष्ट वेगळे काय, फारसा फरक पडत नाही. मेहनत उरते ती जोडणीत, आणि ती मिस्त्रींच्या हातात असते. म्हणून "संगणकानं काढलेली कला म्हणजे हाताचं काम नाही" असं कुणी म्हणालं की मला त्यांना आमच्या शेडमध्ये घेऊन यावंसं वाटतं.

पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. साधा कागद एका टोकाला धरून आडवा करा, पुढचं टोक लोंबतं. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, तो ताठ राहतो, वर पेन्सिल ठेवली तरी वाकत नाही. घडी हीच त्याची शोभा आणि घडी हेच त्याचं बळ. दसऱ्याला दारावर बांधलेलं झेंडूचं तोरण ज्या वळणानं लोंबतं, ते वळण उलटं केलं की स्वतःचं वजन सहज पेलणारी कमान मिळते. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी आंतोनी गावदीनं दोऱ्यांना छोट्या पिशव्यांची वजनं टांगून असंच प्रारूप केलं होतं आणि ते उलटं बघत कमानी ठरवल्या होत्या. अशा आकारांत सांगाडा वेगळा आणि वरची सजावट वेगळी असं काही राहत नाही. पृष्ठभागच भार वाहतो. शिल्पकार ज्याला रूप म्हणतो आणि इंजिनिअर ज्याला स्ट्रक्चर म्हणतो ते एकाच पत्र्यात येऊन बसतं. मिस्त्रींना हे काम कुठल्या रकान्यात टाकावं कळेना, ते त्यामुळेच.

जगात या वाटेवर बरंच चालून झालंय. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा योर्न उत्झननं १९५७ मध्ये जिंकली, पण ती शिडांसारखी कवचं बांधायची कशी हे काही वर्षं कुणालाच सुटत नव्हतं. सगळी कवचं एकाच मोठ्या गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची, हा तोडगा १९६१ च्या सुमाराला निघाला आणि इमारत १९७३ मध्ये खुली झाली. फ्रँक गेरीनं बिल्बाओच्या संग्रहालयासाठी (१९९७) विमानांच्या आराखड्यांसाठी बनवलेलं कॅटिया हे सॉफ्टवेअर वापरलं. शिकागोच्या बागेतला, सगळे ज्याला 'बीन' म्हणतात तो आरशासारखा आकार आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचा. स्टेनलेसच्या १६८ पत्र्यांचे जोड वेल्ड करून, घासून, चमकवून इतके पुसून टाकले आहेत की शिवण सापडत नाही. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या शिल्पाच्या पोटाखालून लोक चालत जातात आणि वर मान करून स्वतःलाच बघतात. आणि २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका इवल्याशा डोंगरी खेड्यात 'टोर आल्वा' हा तीस मीटर उंचीचा पांढरा मनोरा उभा राहिला. त्याचे बत्तीस खांब यंत्रानं काँक्रीटचे थर एकावर एक सोडत छापले आहेत, साचा न वापरता. बाहेरून बघाल तर नक्षीदार मेणबत्ती, आत जिना आणि वर कार्यक्रमाची जागा.

हे परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी विचारते: दीपमाळ ही इमारत की शिल्प? तुळशीवृंदावन घर आहे की मूर्ती? बारवेच्या पायऱ्या पाण्याकडे उतरत जातात त्यांना काय म्हणायचं, आणि गावच्या वडाभोवतीच्या पाराला? आपल्याकडे 'शिल्पशास्त्र' हा एकच शब्द देऊळ बांधण्यालाही पुरत होता आणि मूर्ती घडवण्यालाही. सूत्रधार म्हणजे मोजमापाची दोरी धरणारा, आणि देवळं उभारणाऱ्यांनाही हेच नाव होतं. वेरूळचं कैलास आठव्या शतकात कळसाकडून पायाकडे कोरत आणलं. देवळासारखं वापरलं गेलं, पण घडवलं मूर्तीसारखं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. ठाण्याहून कर्जत किंवा बदलापूर लोकल पकडून अंबरनाथला उतरा. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. मी भूमितीच्या कामात पडल्यापासून तिथे बऱ्याचदा गेले आहे, दर वेळी दुपारी, कारण तेव्हा ऊन तिरपं व्हायला लागतं आणि भिंत बोलायला लागते. सरळ अशी भिंत तिथे जवळजवळ नाहीच. कोन बाहेर येतो, आत जातो, पुन्हा बाहेर येतो. एका कोनाची सावली पुढच्यावर पडते आणि त्या सावलीत एखादी मूर्ती अर्धी बुडालेली असते. शिखर भूमिज पद्धतीचं. छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळीनं एकीवर एक रचलेल्या, वर जातील तशा लहान लहान होत गेलेल्या. नियम एकच, मापं बदलती. वरचा भाग आज पडलेला आहे, पण जेवढं उरलंय तेवढ्यावरून पुढचं शिखर मनात पुरं करता येतं. नियमाचं हेच वैशिष्ट्य असतं. याच काळातल्या, माळव्यातल्या भोजपूरच्या अपुऱ्या देवळाशेजारी कारागिरांनी खडकावर कोरून ठेवलेले आराखडे अजून दिसतात. ती त्यांची कटिंगची फाइलच म्हणायची. आणि अंबरनाथचा गाभारा पायऱ्या उतरून खाली जावं लागतं इतका खोल आहे. बाहेर डोळ्यांनी पाहिलेलं शिल्प तिथे थंडाव्यानं अंगाला लागतं.

मग गडबड कुठे झाली? आपण पुतळ्याला चौथऱ्यावर चढवलं आणि भोवती कुंपण घातलं, तिथे. नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. मुलांना घेऊन मीही गेले आहे, मुलं रमतात. तिथला ताजमहाल मूळची इमारत, पण छोटा केल्यावर ती बघायची वस्तू झाली. उलट नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा बघायची वस्तू, पण इतका मोठा केल्यावर त्याच्या पोटात लिफ्ट आली, सज्जा आला, तो इमारत झाला. म्हणजे आकारावरून हद्द ठरत नाही. माणूस आत जाऊ शकतो की नाही, यावरून ठरते.

आणि मोठ्या शिल्पाला इमारतीची जबाबदारी येतेच, आपण मानो न मानो. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी जेवलं नाही. नट-बोल्टांना गंज चढल्याची गोष्ट पुढे आली तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "समुद्राच्या हवेला कुणी इचारलं नव्हतं वाटतं." पस्तीस फूट म्हणजे तीन मजले. तीन मजली घर बांधताना आपण पायाचं, वाऱ्याचं, गंजाचं उत्तर मागतो. तेच मूर्तीच्या नावाखाली आलं की हात जोडतो आणि प्रश्न गिळतो. शिल्प आणि वास्तू यांच्यातली भिंत पाडा असं मी म्हणते तेव्हा ही बाजूही त्यात आली. शिल्पाला वास्तूचे कडक प्रश्न विचारा.

नवी मुंबईला तर याची शिकवण घरच्या घरी आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको स्थापन झाली, आणि पुढे १९८० च्या दशकात कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज वसवलं. सात घरं एका अंगणाभोवती. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. ती मोठी अंगणं पुन्हा एकत्र येऊन त्याहून मोठा चौक. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. संगणक नसताना लिहिलेली ही शुद्ध पॅरामेट्रिक भूमिती. आज तिथली कितीतरी मूळ घरं गेली, त्यांच्या जागी टाइल्स लावलेली मोठी घरं आली, काहींना ते बघून वाईट वाटतं. मला वाटत नाही. घरं बदलली तरी अंगणांचा नियम टिकला, मुलं अजून त्या अंगणांत खेळतात. रूप लोकांच्या हाती सोपवलं आणि नियम शहरानं सांभाळला.

त्याच शहरात ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आराखडा झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या लंडनच्या कार्यालयाचा, कल्पना कमळाची. खांब पाकळ्यांसारखे उमलत वर जातात आणि छत होतात. शिल्प कुठे संपतं आणि छप्पर कुठे सुरू होतं ते सांगता येणार नाही, आणि ते देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या पाकळ्यांखाली उभं राहायला तिकीट लागतं. विमानतळ म्हटल्यावर ते लागणारच. माझी काळजी वेगळी आहे. या भूमितीचं सगळ्यात मोठं काम आपल्या शहरात तिकिटाच्या आत राहिलं आणि बाहेर, ज्यांची गावं त्या जागेवरून हलली त्यांच्या बसथांब्यावर, तोच चार पाइपांचा सांगाडा राहिला, तर हे शहर कुणासाठी कलेचा विचार करतं? जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोट्याच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, ते या शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी. त्या जमिनीवरच्या शहरात सावली तरी सगळ्यांची असावी.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात खरा आक्षेप सुरक्षेचा आहे. न्यूयॉर्कला थॉमस हेदरविक यांनी २०१९ मध्ये 'व्हेसल' उभारलं: जिन्यांचे १५४ टप्पे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांत गुंफलेले, चढायचं शिल्प. तिथून माणसांनी जीव दिला, २०२१ मध्ये ते बंद करावं लागलं आणि २०२४ मध्ये जाळ्या बसवून पुन्हा उघडलं. त्यामुळे मी चढायच्या शिल्पाची मागणी करत नाही. मी मागते ते शिरायचं, टेकायचं, पाऊस थांबेपर्यंत उभं राहायचं शिल्प. जमिनीवर पाय असलेलं.

दुसरा आक्षेप मला मीटिंगांमध्ये ऐकायला मिळतो आणि तो ऐकला की त्रास होतो: "बसायला जागा केली की तिथे लोक झोपतात, फेरीवाले बसतात." म्हणून मग बाकाच्या मधोमध लोखंडी पट्टी येते, कट्ट्यावर खिळे येतात. रात्रपाळी करून पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघणारा माणूस अर्धा तास आडवा झाला तर शहराचं काय बिघडतं? पारावर माणसं झोपतच आली आहेत. भाजीवालीनं त्या सावलीत टोपली मांडली तर ती जागा वापरात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. या सॉफ्टवेअरमधून निघणारे आकार जगभर एकसारखे दिसायला लागले आहेत. तीच लाट, तेच जाळीदार कवच, दुबईतही तेच आणि शांघायमध्येही तेच. कारण नियम लिहिणाऱ्यांनी जागेला काही विचारलेलंच नसतं. ठाण्याचा पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, बहुतेक चार महिन्यांत, आणि नैर्ऋत्येकडून तिरपा. हे आकडे नियमात घातले की छप्पर त्या बाजूला आपोआप खाली झुकतं, कोकणातल्या घराची पडवी झुकते तसं. मे महिन्यातल्या दुपारचं ऊन घातलं की भोकांचा आकार बदलतो. खाडीवरच्या खाऱ्या हवेचं गणित घातलं की पत्र्याची निवड बदलते: ३०४ नंबरचं स्टेनलेस इथे तपकिरी डाग धरतं, ३१६ महाग पडतं पण टिकतं. जागेचे आकडे आत आले की आकार जागेचा होतो, वरून वारली चित्रं चिकटवावी लागत नाहीत.

याच जागी मिस्त्रींचा दुसरा प्रश्न येतो. माझ्या त्या छपरात दोन मोठ्या घड्या जिथे मिळत होत्या तिथे एक दरी तयार झाली होती. उतार पुरेसा आहे, पाणी वाहून जाईल, असं मी धरून चालले. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात शेजारच्या गुलमोहराची पानं त्या दरीत जाऊन बसली, पाणी तुंबलं आणि शाळा सुटायच्या वेळेला सगळं एकदम खाली आलं, नेमकं आयाबाया उभ्या होत्या तिथे. गणपतीपर्यंत त्या जोडावरचं पावडर कोटिंग फुगलं होतं आणि खालून गंज दिसत होता. दिसायला नको म्हणून मीच तो जोड घासून सपाट करायला लावला होता. संस्थेच्या लोकांसमोर मला मान वर करता आली नाही.

मिस्त्रींनी ती दरी कापून मोकळी केली. तिच्यात जाड पत्र्याची रुंद पन्हळ बसवली आणि तिचं टोक छपराच्या कडेबाहेर हातभर काढून थोडं वर वळवलं. जोडाचा उंचवटा या वेळी तसाच ठेवला. खाली दगडी कुंड ठेवलं. आता पाऊस लागला की सगळ्या चौसष्ट त्रिकोणांवरचं पाणी त्या एका टोकाशी गोळा होतं आणि धार होऊन कुंडात पडते. त्या छपराकडे बघायला लोक थांबतात ते माझ्या घड्या बघायला नाही, ती धार बघायला. देवळाच्या गाभाऱ्यातलं पाणी बाहेर सोडायला गोमुख का घडवत असत, साधी मोरी का ठेवत नसत, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं ते त्या पन्हळीनं शिकवलं.

महापालिकांनी काय करावं, हे सांगताना मी फ्रान्सचं उदाहरण देणार नाही, तिथे १९५१ पासून सार्वजनिक इमारतींच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवतात, आणि ते चांगलंच आहे. पण टक्का बाजूला काढला की कलाकाराला इमारत झाल्यावर उरलेली भिंत मिळते. आपल्याला नवा पैसा नको. बसथांबे, रिक्षास्टँडची शेड, स्कायवॉकचे जिने, उड्डाणपुलाखालच्या जागा यांवर पैसा खर्च होतोच आहे. ते काम देतानाच शिल्पकार, इंजिनिअर आणि फॅब्रिकेटर एका टेबलावर बसवा. सर्वांत कमी दराची निविदा या एका निकषावर असलं काम कधी चांगलं होणार नाही, कारण त्यात पन्हळीची किंमत कुणीच धरत नाही. संगणकावरच्या रंगीत चित्रावर तर निर्णय घेऊच नका. त्या चित्रांत पाऊस पडत नसतो, पानं साचत नसतात, आणि मी ती चित्रं करते म्हणून खात्रीनं सांगते, त्यांत कुठलंही छप्पर सुंदर दिसतं. एका भागाचा खऱ्या मापाचा नमुना मागा. पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा कामाच्या रकमेतच धरा. आणि काम झाल्यावर नियमाची मूळ फाइल, मापांसकट, महापालिकेच्या ताब्यात आणि लोकांसाठी खुली असू द्या, म्हणजे दहा वर्षांनी एक त्रिकोण गंजला तर घणसोलीतल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही वर्कशॉपला तो पुन्हा कापता येईल.

सुरुवात एका जागेपासून करता येईल. रबाळे स्टेशनबाहेर पडल्यावर एमआयडीसीकडे निघालेली माणसं सकाळी आठ ते दहा रांगेनं चालत असतात, डोक्यावर रुमाल नाहीतर डब्याची पिशवी. दुपारपाळीची माणसं भर उन्हात. ज्यांनी हे लेझर, बेंडिंग आणि वेल्डिंग करायचं तीच ही माणसं. त्यांच्या वाटेवर पंधरा फुटांचा एक नमुना उभा करावा, त्यांच्याच शेडमध्ये घडवलेला, आणि त्याला एक अख्खा पावसाळा काढू द्यावा. त्याआधी मे महिन्यात दुपारी एक वाजता तिथे जाऊन, लोक कुठे थांबतात आणि सावली कुठवर यायला हवी, ते खडूनं जमिनीवर आखून घ्यावं.